देणाऱ्याचा घोट

(सावली गावाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेतला एक टापू. १९५५ सालचा भादवा, सकाळची वेळ. मिशनच्या दवाखान्याची खोली. एका दाराबाहेर पडवी, तिथं तापाचे रोगी बसलेले. दुसऱ्या दारापलीकडे फादर गॅस्पार यांची खोली. दवाखान्यात सिस्टर फिलोमिना आणि मिशनचा स्वयंपाक करणारी सोमारी.)

सिस्टर : आणि हे तू मला आज सांगतेस?

सोमारी : तुमी विचारलंच नाई जी.

सिस्टर : काय विचारायचं होतं मी? "सोमारी, आपले फादर दुसऱ्यांची औषधं पितात का गं?" असं कोण विचारतं जगात?

सोमारी : आता विचारलं, त आता सांगतलं. रागाऊ नोका. चुलीवर पेज हाय, उतू जाईन.

सिस्टर : जाऊ दे उतू. बस इथं. प्रत्येक रोग्याबरोबर पितात?

सोमारी : हिवतापाची कडू दवाई तेवढी. खरजेचा मलम थोडीच खाईन कोनी.

सिस्टर : चेष्टा सुचतेय तुला! अगो, मी आत्ता या डोळ्यांनी पाहिलं. सुकलूसाठी पेल्यात कोयनेल ओतलं, आधी स्वतः चांगला घोट घेतला आणि मग पेला सुकलूपुढं धरला. मी दारातून ओरडले तशी दाढी पुसली, चोरून गूळ खाल्लेल्या पोरासारखी. बाटली हिसकावून घेतली मी आणि त्यांना खोलीत नेऊन बसवलं.

सोमारी : बाटली हिसकली? आन बाहेर बसले त्यायले कोन देईन?

सिस्टर : मी देईन. मी नर्स आहे, विसरलीस का? मी आल्यापासून हिवतापाची बाटली तेवढी फादरांनी माझ्या हाती दिली नाही. बाळंतपणं तुमची, जखमा तुमच्या, ताप माझा, म्हणायचे. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, असू दे. आणि बाटली लवकर संपते ती तूच कुणाला तरी चोरून देत असशील, असं वाटायचं.

सोमारी : माय वो! माह्यावर आळ?

सिस्टर : चुकलं माझं. पण तू गप्प का राहिलीस?

सोमारी : त्यात सांगाचं काय हाय? देनारा आधी पेतेच. आमच्याइथी मोहाची दारू टाकली का टाकनारा पह्यले घोट घेते, मंग पावन्याले देते. पावन्याले समजते का यात काई कालवलं नाई. दवाईचं बी तसंच. बाबा नवे होते तवा कोनी त्यायची दवाई शिवत नोयतं. मंग एक डाव त्यायनं लग्नात पाह्यलं, टाकनारा कसा पेते ते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसले, सगळ्यायच्या म्होरं घोट घेतला. तवापासून लोक येतेत.

सिस्टर : तेव्हापासून रोज?

सोमारी : रोज कुठी. हिवताप पावसात येते आन थंडीत जाते. तेवढेच महिने.

सिस्टर : सायबा! तेवढेच महिने म्हणे. सोमारी, आज सकाळी घंटा दोनदा वाजली, ऐकलंस?

सोमारी : ऐकलं. मी म्हटलं आज काई सण असन तुमचा.

सिस्टर : सण कसला! फादरांनी घंटा वाजवली, थांबले, वर बघितलं आणि पुन्हा दोर ओढला. मी विचारलं तर म्हणाले, पहिली वाजलीच नाही. घंटेच्या बरोबर खाली उभा असलेला माणूस! आणि देवळात मिस्साच्या वेळी वाइन पेल्यात ओतायची ती अल्तारावर सांडली. मला वाटलं हात थरथरला. हात नव्हता थरथरला गं. त्यांना पेलाच नीट दिसत नाही.

सोमारी : म्हातारपन हाय.

सिस्टर : म्हातारपण नाही. ते कोयनेल आहे. जास्त गेलं की आधी कानात आवाज येतात, मग ऐकू येईनासं होतं, मग डोळे. आम्हाला शिकवलंय ते. आता थांबलं तर कदाचित फिरून येईल थोडंफार. नाही थांबलं तर या भादव्यातच ते आंधळे होतील.

सोमारी : आंधळे?

सिस्टर : पार आंधळे. पूर्ण.

सोमारी : मले नोयतं मालूम जी. देवाशप्पत नोयतं मालूम. मी त त्यायच्या मांगं जिऱ्याचं पानी घेऊन उभी राहो, तोंडाची चव जावी म्हनून.

सिस्टर : तुझा काय दोष त्यात. तुझ्या नातीचं, मंगलीचं कसं आहे?

सोमारी : तापली हाय. रातभर बडबडली. तिची माय निंदनाले पैलतीरी गेली आन पुरानं तिथीच अडकली. आता सकाळची दवाई द्याची हाय पोट्टीले. बाबा उठले का देतीन, म्हनून वाट पाहून राह्यली होती.

सिस्टर : बाबा देणार नाहीत. आज नाही आणि उद्याही नाही. मुखरूला मी निरोप धाडलाय, पाणी उतरलंय तोवर डोंगा काढ म्हणून. दुपारच्या आत फादरांना पलीकडे न्यायचं. तिथून छकड्यानं, मग मोटारीनं नागपूर. मी जाते त्यांच्याबरोबर.

सोमारी : तुमी बी?

सिस्टर : त्यांना वाटेत समोरचा माणूस दिसायचा नाही. मग कोण बघणार? थांब, मी त्यांच्याशी बोलून येते. तू पेज बघ.

* * *

सिस्टर : फादर! फादर!

फादर : ओरडू नका सिस्टर. मी बहिरा नाही.

सिस्टर : केव्हाची हाका मारतेय मी.

फादर : मी प्रार्थना करीत होतो.

सिस्टर : तुम्ही सुईत दोरा ओवत होता.

फादर : तीही प्रार्थनाच आहे. दोरा जात नाही, आणि मी देवाला विनंती करतो.

सिस्टर : द्या इकडे. हा बघा गेला. आता माझ्या तोंडाकडे बघा. मुखरू डोंगा आणतोय. आपण नागपूरला जातोय.

फादर : कोण जाते आहे?

सिस्टर : तुम्ही! तुम्ही आणि मी!

फादर : नोको.

सिस्टर : नोको काय नोको? पुस्तकातलं मराठी बोलता ना एरवी? आता पुस्तकातलंच बोला.

फादर : मला जाण्याची इच्छा नाही. हे पुस्तकातले. आणि नोको हे टापूचे. दोन्हींचा अर्थ एकच आहे.

सिस्टर : तुमचे डोळे जातील फादर.

फादर : होय. मला ठाऊक आहे.

सिस्टर : ठाऊक आहे? केव्हापासून?

फादर : गेल्या पावसाळ्यात माझ्या कानात रातकिडे बसले. ते हिवाळ्यात निघून गेले. यंदा पुन्हा आले. आता ते जात नाहीत. मीही पुस्तके वाचली आहेत सिस्टर. मला ठाऊक आहे त्यांना कोणी बोलावले.

सिस्टर : आणि तरी पीत राहिलात! जिभेला नुसता थेंब लावला असता तर काय बिघडलं असतं?

फादर : प्रथम मी थेंबच लावला. लोक म्हणाले, बाबाने थुंकून टाकले. घोट घेतला पाहिजे, गळा हलताना दिसला पाहिजे. तेव्हा मी गळा हलवला.

सिस्टर : हे देवानं नाही सांगितलं तुम्हाला. आपल्या हातानं आपले डोळे घालवायचे, हे कुठं लिहिलंय?

फादर : तुम्ही रागावला आहात. रागावताना तुम्ही मोठ्याने बोलता, ते चांगले आहे, मला ऐकू येते. बसा. या टापूवर मी किती प्रवचने दिली! गुरे राखणारी माणसे देवळाच्या सावलीला बसत, माझे बोलणे ऐकत आणि उन्हे उतरली की उठून जात. माझा एक शब्द कोणी घरी नेला नाही. परंतु तो घोट नेला. बाबा आपल्याबरोबर पितो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. ते मी काढून घेऊ काय?

सिस्टर : तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी पिईल. सोमारी आहे. इतकी वर्षं मिशनमध्ये काम करतेय, सगळे ओळखतात तिला. मी सांगते तिला.

फादर : नाही! सोमारीला नाही. तिला तुम्ही हे सांगायचे नाही.

सिस्टर : एवढं रागवायला काय झालं? रोज कुणीतरी एखादा घोट...

फादर : तुम्ही मागच्या अंगणात वांगी लावली आहेत.

सिस्टर : वांग्यांचं काय आता मधेच?

फादर : ती जमीन भुसभुशीत आहे. तुम्ही म्हणाला होता, येथे राख आणि माती किती छान मिसळली आहे. तेथे धुरपताची चूल होती. तेथे तिचे घर होते.

सिस्टर : कोण धुरपता?

फादर : विधवा होती. सोमारीसारखीच. जंगलातल्या मुळ्या ओळखायची, पोटदुखीवर, तापावर द्यायची. एकदा तिने एका लेकराला मुळी उगाळून दिली आणि ते लेकरू गेले. ते जाणारच होते, मी पाहिले होते त्याला. परंतु लोक म्हणाले, करणी केली. भर पुरात तिला डोंग्यात बसवून पैलतीरी सोडून आले. घर मोडून टाकले. मी हात जोडून उभा होतो. कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही.

सिस्टर : मग काय झालं तिचं?

फादर : ठाऊक नाही. कोणी बोलत नाही. म्हणून या टापूवर बाईच्या हातचे औषध कोणी घेत नाही, आणि कोणती बाई ते देत नाही. माझे निराळे आहे. मी गोरा आहे, परका आहे, लांब झगा घालतो, बायको केली नाही. इतका विचित्र माणूस आणखी करणी काय करणार! माझ्या हातून कोणी मेले तर म्हणतात, बाबाने प्रयत्न केला. सोमारीच्या हातून मेले तर काय म्हणतील, ते तुम्ही वांग्यांना विचारा.

सिस्टर : मला कुणी सांगितलंच नाही हे.

फादर : तुम्ही विचारले नाही.

सिस्टर : सगळे एकच सांगता मला! बरं, मग मी पिते. मी बाई असले तरी परकी आहे, झगाही आहे माझा लांब.

फादर : काय म्हणालात?

सिस्टर : मी पिते!

फादर : ते सोमारीला विचारा. येथे काय चालते आणि काय चालत नाही, ते मला अजूनही पूर्ण कळलेले नाही.

* * *

सिस्टर : सोमारी, मंगलीला आण इकडे. मांडीवर घे तिला. हे बघ, ओतलं. आता मी पिते.

सोमारी : बाई, थांबा...

सिस्टर : प्यायले. गळा हलला ना? आग लागो, किती कडू आहे हे! घे. दे तिला.

सोमारी : तुमचं नाई चालत जी.

सिस्टर : का नाही चालत? बाईचं चालत नाही म्हणून?

सोमारी : त्याच्यासाठी नाई. तुमी जानाऱ्या हा म्हनून.

सिस्टर : म्हणजे?

सोमारी : पेनारा गावात राह्यला पाह्यजे. आज देल्लं आन उद्या निंगून गेला, त त्याच्या घोटाचं काय? दवाईनं काई वाईट झालं त तो आपल्यासंगं भोगते, म्हनून तर आपन त्याच्या हातचं घेतो. बाबा जाईन नाई, हे सगळ्यायले मालूम हाय. त्यायनं मोहाच्या झाडाखाली मेल्यावर आपल्या मातीची जागा बी दाखवून ठेवली हाय.

सिस्टर : आणि मी जाणार, हे कुणी सांगितलं?

सोमारी : आताच तुमी म्हटलं, बाबासंगं जाते म्हनून. आन नसतं म्हटलं तरी दिसते ना. चैतात आल्या तुमी. पेटी अजून दोरीनं बांधलेलीच हाय. लुगडं... नाई, तुमचा तो झगा काढता आन पुन्हा गाठ मारता. मी झाडतो तवा पाहतो ना बाई. मायघरी आलेल्या पोरीवानी राहून राह्यल्या तुमी.

सिस्टर : पेटीत वाळवी जाते म्हणून बांधते मी.

सोमारी : असन.

सिस्टर : नाही. खोटं बोलले. मला इथं करमत नाही सोमारी. आमच्या गावी, गिरीजला, केळीच्या बागा आहेत, घरासमोरून बैलगाडी जाते, संध्याकाळी चार बायका विहिरीवर भेटतात. इथं चहूकडं पाणी, आणि पाण्यापलीकडं जंगल. पूर आला की मला श्वास कोंडल्यासारखा होतो. रोज सकाळी वाटतं, आज बोलावणं येईल.

सोमारी : मालूम हाय मले.

सिस्टर : मग तूच सांग, काय करू मी? मंगलीचं अंग बघ कसं भाजतंय. माझ्या हातचं नको, फादरांना देऊ द्यायचं नाही. हे औषध काय बाटलीत बघत बसायचं?

सोमारी : घरात नेऊन देतो मी. दार लावून. माही नात हाय, मी देईन, कोनाले काय करनं हाय?

सिस्टर : दे. घरात दे. मी काही म्हणणार नाही. धुरपताचं मला कळलंय आत्ता.

सोमारी : बाबानं सांगतलं?

सिस्टर : हो. तुला मी काही मागणार नाही सोमारी. मगाशी मागणार होते. आता नाही मागत.

सोमारी : ते माही मैतरीन होती. आमी दोघी संगंसंगं मोहफुलं वेचले. त्या दिशी डोंग्यात बसवलं तिले, त ते माह्याकडं पाहे. आन मी खाली पाहो. मले वाटे, मी वर पाह्यलं त मले बी बसवतीन.

सिस्टर : रडू नकोस. मंगली घाबरेल.

सोमारी : आन बाहेर कोन कोन बसले हायेत?

सिस्टर : पत्रू आहे, त्याचं लेकरू मांडीवर. लालसूची म्हातारी आहे. आणखी आहेत बरेच. पत्रूच्या लेकराला हुडहुडी भरलीय, मी घोंगडी दिली आत्ताच.

फादर : सोमारी! सोमारी, बाटली कुठे ठेवलीस?

सिस्टर : फादर, तुम्ही का उठलात? आत जा बघू!

फादर : सिस्टरांनी फळीवरून काढली वाटते. रागात त्या सगळे आवरून ठेवतात. सोमारी, बाहेर पत्रू कण्हतो आहे, मला... मला वाटते कण्हतो आहे. बाटली दे.

सोमारी : बाबा, बाटली माह्या हातात हाय.

फादर : फळीवर नाही. खाली नाही. इथे नेहमी असते.

सोमारी : बाबा, मी तुमच्या म्होरंच उभी हाव जी. ही पाहा बाटली. ही.

फादर : सोमारी कुठे गेली? पेज बघायला गेली काय?

सोमारी : सिस्टरबाई... यायले माहा हात बी दिसून नाई राह्यला.

सिस्टर : बघितलंस ना.

सोमारी : एवढ्याजवळ! नाकाजवळ धरली व मी बाटली!

सिस्टर : त्यांचा हात धर. पडतील.

सोमारी : बाबा! इकडं पाहा. इकडं. ऐकू येते का?

फादर : येते. ओरडतेस तू, मग येईल कसे नाही?

सोमारी : तुमी जा. मुखरूच्या डोंग्यात बसा आन नागपूरले जा.

फादर : आणि पिणार कोण?

सोमारी : मी पेईन.

फादर : नाही सोमारी. धुरपता...

सोमारी : मले मालूम हाय धुरपता! मले नोका सांगू! तिच्या टायमाले मी खाली पाह्यलं. आता तुमचे डोळे गेले तरी मी खालीच पाहू का? मी बी आंधळीच राहू का जी?

फादर : मंगलीला काही झाले तर?

सोमारी : त माही नात जाईन, आन मांगून मी जाईन. पन दवाई नाई देल्ली त ते आजच जाते ना! दोनी बाजूनं मरनच हाय, त मी देऊनच पाहीन.

फादर : ती काय म्हणाली सिस्टर? मला सगळे ऐकू आले नाही.

सिस्टर : तुम्हाला सुट्टी दिली म्हणाली! सोमारीनं तुम्हाला सुट्टी दिली!

फादर : हे तिचे काम नाही.

सिस्टर : नाही ना. पण ती करतेय. बसा इथं औषधांच्या पेटीवर.

सोमारी : चल मंगली. माह्या खांद्यावर डोकं ठेव. सिस्टरबाई, तो दरवाजा सगळा उघडा. अर्धा नोको. सगळ्यायले दिसू द्या.

सिस्टर : सोमारी, घरात दे म्हणाले होते ना मी तुला.

सोमारी : घरात देल्लं त चोरून देल्लं होते. उघडा.

सिस्टर : उघडलं.

सोमारी : पत्रूभाऊ, लालसूची माय, सगळे इकडं पाहा. बाबाचे डोळे गेले. कान बी गेले. आपल्यासंगं पेऊन पेऊन गेले, आपल्याले सांगतलं बी नाई त्यायनं. आता ते नागपूरले चालले. आजपासून हे दवाई मी देईन. ही माही नात हाय, मंगली. तुमी वळखता. पह्यले मी पेतो, मंग तिले देतो. पाहून घ्या, मी थुंकनार नाई.

सिस्टर : सावकाश. थोडंच घे.

सोमारी : माय वो... काय हे! बाबा, हे पेत होते तुमी? एवढे वर्षं?

फादर : ती काय म्हणते?

सिस्टर : कडू आहे म्हणते!

फादर : होय. फार कडू आहे. मी तिला कधी सांगितले नाही.

सोमारी : मंगली, तोंड उघड माह्या सोन्या. उघड. गिळ. नाक धरू का? गिळलं. शाबास. पाहा सगळे, गिळलं पोट्टीनं. आता कोन येते? पत्रूभाऊ?

सिस्टर : कुणी उठत नाही.

सोमारी : दिसून राह्यलं मले.

सिस्टर : थांबू या. घाई नको.

सोमारी : पत्रूभाऊ, तुमी माह्याकडं पाहा. खाली नोका पाहू. मी धुरपता नाई. धुरपता बी तशी नोयती, तुमाले बी मालूम हाय आन मले बी. मी मिशनची भांडी घासनारी सोमारी हाव. तुमच्या लग्नात भात रांधला होता मी. तुमच्या लेकराले हुडहुडी भरली हाय. आना त्याले इकडं.

सिस्टर : उठतोय का तो?

सोमारी : नाई. घोंगडी सारखी करून राह्यला.

सिस्टर : म्हातारी काहीतरी बोलतेय त्याच्या कानात.

सोमारी : बोलू द्या.

फादर : सिस्टर, मला बाहेर न्या. मी पत्रूला सांगतो.

सिस्टर : नका! फादर, हे तुम्ही सांगून व्हायचं नाही. तुम्ही मध्ये पडलात तर पुन्हा तुमचाच घोट मागतील. बसून राहा.

फादर : बसून राहणे मला जमत नाही.

सिस्टर : आज जमवा.

सोमारी : बाई... उठला.

सिस्टर : खरंच!

सोमारी : ये पत्रूभाऊ. दे त्याले माह्या मांडीवर. पाहा हा, त्याच्यासाठी अलग घोट. हा घेतला. आता त्याचं. हळू, हळू. झालं. जा, त्याले निजव, माथ्यावर ओला फडका ठेव. लालसूची माय, तुमी मांगून या. बसा तिथीच.

सिस्टर : सोमारी, आता पुरे. दोन घोट झाले. एवढ्या सगळ्यांबरोबर घोट घेत बसलीस तर तुझेही कान जातील.

फादर : सिस्टर, तिला सांगा, माझी चूक करू नको. प्रथम मोठ्या घोटाने विश्वास मिळतो, परंतु नंतर तो लहान करायचा असतो. मी लहान केला नाही. मला भीती वाटली, विश्वासही लहान होईल.

सिस्टर : ऐकलंस? रोजचा घोट लहान करायचा. आणि एकटीनं नाही प्यायचा. आज एक, उद्या दुसरं.

सोमारी : दुसरं कोन? दुसरं कोन हाय इथी?

सिस्टर : मुखरूनं हाक मारली. डोंगा लागला काठाला.

फादर : मुखरू आला? मग मी गेलेच पाहिजे काय?

सिस्टर : गेलंच पाहिजे.

फादर : माझी जागा मोहाखाली आहे. ती दुसऱ्या कोणाला देऊ नका. मी परत येईन.

सोमारी : तुमच्या जागेवर कोन बसते जी! बकऱ्या बी नाई बसत. जा. डोळे घेऊन या.

फादर : ती हसते आहे की रडते आहे?

सिस्टर : दोन्ही.

फादर : तुमची पेटी कोठे आहे सिस्टर? ती मुखरूला उचलायला सांगा.

सिस्टर : मुखरूचा भाऊ येईल तुमच्याबरोबर. मी त्याला सांगते, नागपूरच्या दवाखान्यात पोचवूनच परत यायचं. तुमची औषधं, चपला, माळ, सगळं गाठोडं बांधून त्याच्या हाती देते.

फादर : आणि तुम्ही?

सिस्टर : मला इथं काम आहे.

फादर : काय म्हणालात? कानात रातकिडे फार ओरडतात.

सिस्टर : मला इथं काम आहे, फादर! जा तुम्ही! सांभाळून, उंबरा आहे. मुखरूभाऊ, धरा त्यांना. पाय आधी, मग काठी.

सोमारी : गेले?

सिस्टर : बसले डोंग्यात. इकडं बघतायत, पण आपण दिसत नसू त्यांना.

सोमारी : मी हात हालवतो तरी.

सिस्टर : हलव.

सोमारी : बाई, तू त्यायच्यासंगं काऊन नाई गेली?

सिस्टर : एकटी किती दिवस पिशील तू? आणि उद्या लालसूच्या म्हातारीला काही झालं, ती आधीच अर्धी गेलेली आहे, तर लोक तुझ्याकडं बघतील. तेव्हा तुझ्या शेजारी कुणीतरी उभं पाहिजे.

सोमारी : उद्या त तू हायेस. परवा?

सिस्टर : ते माझ्या हातात नाही गं. आमच्यात आपल्या मनानं राहता येत नाही. आमच्या मठाच्या मदर सांगतील तिथं जावं लागतं. मी लिहीन त्यांना, विनवीन, भांडीन. पण ऐकतीलच असं नाही.

सोमारी : हे मले नोको सांगू. बाहेर बसले ते विचारतीन, सिस्टरबाई राहीन का जाईन? तू राहशीन, असं सांगतलं त तुह्या हातचं बी घेतीन. मले सांगू दे, का सिस्टरबाई गावातच राहीन. खोटं असन तरी सांगू दे.

सिस्टर : मी खोटं नाही बोलत, सोमारी.

सोमारी : मंग खरं कर.